पावणेचार मीटर

पुलगावच्या दुकानात जेठाभाईंनी थानामागून थान उलगडलं,
मरून, मोरपंखी, सोनेरी वेलांचं.
मी म्हटलं, रंग नंतर.
आधी मागून मोबाइलचा टॉर्च लावा.
मरूनमधून त्यांची बोटं दिसली, अंगठीसकट.
मोरपंखीतून एक डाग, पिकल्या बोराएवढा.
मग खालच्या फळीवरून निघालं हे राखाडी,
पाठीला पांढरा लेप,
ओल्या घोंगडीसारखं जड.
टॉर्च लावला. काहीच नाही.
"काहून वो बाई, दिवसा अंधार काहून पायजे?
फोटो धुता का घरी?"

आमच्या घरी माणूस सकाळी झोपतो.

नागसेन सबस्टेशनला असतो, रात्री दहा ते सकाळी सहा.
चौदा गावांचे पंखे त्याच्या भरवशावर फिरतात.
साडेसहाला गाडी लावतो, चहा घेतो, आडवा होतो,
आणि पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येतं
न विचारता, चपला न काढता.
दोन वर्षं काय काय लावलं तिथं.
जुनी चादर. खताची पोती.
निवडणुकीचं फ्लेक्स, उलटं करून,
त्यातून नऊ वाजता उमेदवाराचे दात दिसायचे.

शिवताना दोन सुया मोडल्या.
लेपाला टाचणी लावायची नसते, हे मला उशिरा कळलं.
टोचलं ते भोक मिटत नाही.
वरच्या दुमडीत अजून सात आहेत,
श्रावस्ती त्यांना सप्तर्षी म्हणते
आणि बाप झोपला की मान वर करून मोजते.

माप चौकटीएवढंच घेतलं, ही दुसरी चूक.
उजेड समोरून येतच नाही, तो कडेनं येतो,
भिंतीला अंग घासत, मांजरासारखा.
वीतभर जास्त लागतं दोन्ही अंगांना.
पट्ट्या जोडल्या. वेलक्रो लावलं.
खालच्या काठात गंजके नट शिवले, वजनाला.
वारा आला की ते भिंतीवर टक टक करतात,
म्हणून त्यांना जुने मोजे घातले.

राहिला कूलर.
तो मागच्या खिडकीत, आणि वर नवतपा.
पडदा टाकला तर हवा बंद, सारला तर ऊन.
तीन दिवस भांडले त्या खिडकीशी, मग सोडून दिली.
ओल्या जाळीतून जो उजेड येतो तो हिरवट,
तळाशी बसलेल्या माशाला दिसत असेल तसा.
नागसेन म्हणाला, "एवढा राहू दे.
नाहीतं जाग आल्यावर वाटते, मेलो का काय."

आता रोज सकाळी सात वाजता मी घरात रात्र करते.
वनमालाबाईंनी पहिल्या दिवशी फाटकातूनच विचारलं,
"कोनी गेलं का वो?"
भाजीवाला ओरडायच्या आधी मी बोट ओठांवर ठेवते.
डाळ शिजते ती पातेल्यात, कुकरला सुट्टी.
दुपारी कापड तापतं, सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो,
त्या वासात हा घोरतो,
आणि मी अंधारात तांदूळ निवडायला शिकले आहे.
जवळजवळ शिकले आहे.
खडा लागला की तो काही बोलत नाही.

रात्री साडेनऊला गाडीचा आवाज वळणावर गेला
की मी पडदा पूर्ण सारते.
मोकळ्या वावरापलीकडं सबस्टेशनचा पिवळा दिवा,
एवढासा.
कधी वरचीच लाइन जाते.
टीव्ही, पंखे, देवळावरची माळ, सगळं एकदम,
तो दिवाही.
मग मी खिडकीशी उभी राहून मोजते.
परवा एकशे बारापर्यंत गेले.
आधी दिवा आला.
मग पंखा.
मग पोरगी कुशीवर वळली.